मोडाच्या गाठोड्यामागचा इतिहास

मंडईत पालेभाजीच्या जुड्यांशेजारी ओल्या फडक्यावर पसरलेली मोडाची मटकी पुणेकराला नवी नाही. मापाने घ्यायची, घरी धुवायची, फोडणीला टाकायची. इतकी रोजची गोष्ट, की तिच्यामागे काही इतिहास असेल असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण कडधान्याला मोड आणल्याने नेमकं काय होतं, हे शास्त्राला ज्या काळात उलगडलं, त्या काळातला एक मोठा प्रसंग पुण्याचं नाव लावणाऱ्या सैन्यावर गुदरला होता.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढत होती. तिला ‘पूना डिव्हिजन’ म्हणत. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीच्या काठी कुत-अल-अमारा इथे तुर्की फौजेने या डिव्हिजनला वेढलं. जवळजवळ पाच महिने वेढा चालला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले. या काळात भुकेइतकंच आजारांनी सैन्य पोखरलं, आणि ते आजार शिध्याप्रमाणे वेगवेगळे होते. गोरे शिपाई पांढऱ्या पिठाचा पाव खात, त्यांच्यात बेरीबेरी, म्हणजे नसा आणि हृदय दुबळं करणारा रोग, दिसू लागला. हिंदी शिपायांना आट्याने त्यातून वाचवलं, पण घोड्याचं मांस खायला त्यांच्यातल्या बहुतेकांनी बराच काळ नकार दिला. ताजी भाजी नाहीच. त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठलं. हिरड्या सुजून रक्त येतं, सांधे धरतात, भरलेल्या जखमा पुन्हा उकलतात, असा हा रोग.

शिपायाच्या शिध्यात डाळ होती. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच. डाळ म्हणजे भरडून साल काढलेलं, दुभंगलेलं कडधान्य. भरडताना त्यातला अंकुर निखळतो, म्हणून डाळ कितीही भिजवली तरी तिला मोड येत नाहीत. तोच दाणा अख्खा असता तर प्रश्न निराळा झाला असता.

स्कर्व्ही ज्याच्या अभावाने होतो ते क जीवनसत्त्व त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. ते वेगळं करून ओळखायला १९२८ ते १९३२ हा काळ उजाडावा लागला. पण नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी १९०७ मध्ये गिनीपिगांना नुसतं धान्य खाऊ घालून स्कर्व्ही होतो हे दाखवलं होतं, आणि त्यांच्याच परंपरेत फ्युर्स्ट यांनी १९१२ मध्ये मोड आलेल्या धान्याने तो टळतो हे मांडलं. हा धागा युद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी उचलला. पुढे एलन डेल्फ यांच्याबरोबर चिक यांनी १९१९ मध्ये कोरड्या आणि मोड आलेल्या दाण्यांची थेट तुलना छापली. कोरड्या दाण्यात स्कर्व्ही टाळणारं तत्त्व जवळजवळ नसतं, मोड आल्यावर ते तयार होतं. सैन्यासाठी त्यांचा सल्ला असा: सालासकट अख्खं कडधान्य घ्या, साधारण दिवसभर भिजवा, मग ओलसर ठेवून दोन दिवस मोड येऊ द्या, आणि शिजवताना अति शिजवू नका. कडधान्य वाळलेलं असतं तोवर ते कुठेही नेता येतं, टिकतं, जागाही कमी घेतं. भाजी छावणीतच तयार होते. १९१८ मध्ये सर्बियन सैनिकांवर उपचार करणाऱ्या विल्टशायर या डॉक्टरांनी मोड आलेल्या घेवड्याची लिंबाच्या रसाशी तुलना केली, तेव्हा घेवडा कुठेही कमी पडला नाही.

हा सल्ला वाचताना मराठी वाचकाला ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखं वाटतं. भिजवा, उपसा, फडक्यात बांधा. त्या पलटणींतल्या शिपायांच्या घरी हे काम बायका काही न लिहिता, न मोजता करत होत्या.

याच इतिहासात एक चकवाही आहे. अठराव्या शतकात कॅप्टन कुक यांच्या जहाजांवर स्कर्व्हीवर उपाय म्हणून माल्टचा काढा दिला जाई. माल्ट म्हणजे मोड आणलेलं बार्लीच. कुक यांनी त्याची तारीफ केली आणि ब्रिटिश आरमार काही काळ चुकीच्या औषधावर विसंबलं. कारण माल्ट करताना मोड आलेलं धान्य भट्टीत वाळवतात, आणि त्या उष्णतेत क जीवनसत्त्व नाहीसं होतं. आपल्याकडे बाळांसाठी नाचणीचं सत्त्व करतात, तेही मोड आणून, वाळवून, दळून. ते चांगलंच असतं, पण वेगळ्या कारणाने: मोड येताना पिष्ट फोडणारी विकरं (एन्झाइम) तयार होतात, त्यामुळे लापशी पातळ राहते आणि बाळाच्या पोटात थोडक्या घासांत जास्त धान्य जातं.

दाण्यात घडतं ते थोडक्यात असं. पाणी आत शिरलं की झोपलेला अंकुर जागा होतो आणि साठवलेलं अन्न मोडून वापरायला लागतो. सुरुवातीलाच तो ज्या साखरा संपवतो त्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज असतात. या साखरा पचवणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, त्या तशाच पुढे जाऊन मोठ्या आतड्यात आंबतात आणि पोट फुगतं. मोड आले की त्या कमी होतात. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटिक आम्लही काही प्रमाणात फुटतं. म्हणून अख्ख्या मटकीपेक्षा मोडाची मटकी पोटाला सोसते.

आता इथल्या जमिनीकडे वळू. पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि पूर्वेला शिरूर, दौंड, इंदापूरच्या बाजूला तो उतरत जातो. या पर्जन्यछायेत मटकी आणि हुलगे थोड्या पाण्यावर येतात. हे काही आजचं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती, आणि तिथल्या जळालेल्या दाण्यांत बार्लीबरोबर मसूर, वाटाणा, हुलगे आणि वाल सापडले. पुणे जिल्ह्यातल्या माणसाच्या ताटात हुलगे आणि वाल तीन हजार वर्षांपासून आहेत, हे मला पेशवाईच्या कुठल्याही मेजवानीपेक्षा मोलाचं वाटतं.

मोड आणण्याची जुनी लेखी नोंद आयुर्वेदात मिळते. चरकसंहितेत ‘विरूढधाना’, म्हणजे मोड आणून भाजलेलं धान्य, जड पदार्थांच्या यादीत आहे. विरुद्ध आहाराच्या प्रकरणात विरूढ धान्याबरोबर मांस खाऊ नये असंही सांगितलं आहे. म्हणजे मोडाचं धान्य तेव्हाही माहितीचं होतं, आणि ते जपून खायचं हेही.

दख्खनच्या उन्हाळ्यात भाजीपाला कमी. मार्च-एप्रिलनंतर विहिरी खाली जायच्या, पालेभाजी महाग व्हायची किंवा मिळायचीच नाही. अशा वेळी कणगीतलं कडधान्यच भाजीच्या जागी येतं. पसाभर मटकी भिजवली की फुगून पातेलं भरतं. काटकसर म्हणून या उसळीकडे पाहिलं जातं, तेवढ्यावर तिची किंमत करणं मला अन्यायाचं वाटतं. भाजीपाल्याशिवायच्या महिन्यांत ही घरात उगवलेली हिरवाई होती.

तिच्यात कौशल्यही आहे. सकाळी निवडून भिजत घालायची, रात्री उपसून चाळणीत निथळायची, मग धुतलेल्या पंच्यात किंवा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट बांधून ठेवायची. उन्हाळ्यात मटकीला सकाळपर्यंत मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या आसपास उतरला की तेच गाठोडं डब्यात घालून ओट्याच्या उबेला ठेवावं लागतं, तरी दीड-दोन दिवस जातात. पावसाळ्यात उलटी पंचाईत: पाणी नीट निथळलं नाही तर दाणे बुळबुळीत होतात, आंबूस वास सुटतो. आणि गाठोडं सोडल्यावर निवडायचे ते गणंग. पाणीच न प्यालेले, भिजवताना होते तसेच लहान, गडद आणि टणक. काही दाण्यांचं साल पाण्याला आत येऊ देत नाही. एक दाताखाली आला की सगळी उसळ कळते, म्हणून जुन्या बायका मोडाची मटकी ताटात पसरून बोटांनी चाचपत.

वाल हे त्याहून मोठं काम. कडवे वाल भिजवायचे, दोन दिवस मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे. सोललेल्या पिवळसर डाळिंब्या, नारळ, गूळ, आमसूल, गोडा मसाला: श्रावणी सोमवारचा उपास सोडताना अनेक पुणेरी घरांत हीच उसळ. सीकेपी घरांत तेच बिरडं. भिजवलेलं पाणी टाकतात, त्याबरोबर थोडा कडूपणाही जातो. हुलग्याचं आणि मुगाचं शिजवलेलं पाणीही वाया जात नाही, त्याचं कळण होतं. ही सगळी रीत शिजवून खायची आहे, हे लक्षात ठेवायला हवं.

कारण वाटीभर कच्चे मोड हा सकाळचा आरोग्यदायी नाश्ता, ही कल्पना वेगळ्या वाटेने आली. तिचा उगम निसर्गोपचारात आहे. १९२९ मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्यात मोड आलेले गहू होते. प्रकृतीला मानवेना तेव्हा काही महिन्यांत त्यांनी तो थांबवला, पण निसर्गोपचारावरची श्रद्धा सोडली नाही. पुण्यात स्टेशनजवळ ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी १९४४ नंतर तिथे राहिले, आणि १९४५ मध्ये अखिल भारतीय निसर्गोपचार न्यासही तिथेच स्थापन झाला. आज त्या जागी, बापू भवनात, राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचनला गेले आणि गावातल्या गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला. मणिभाई देसाई यांनी ते काम पुढे आयुष्यभर सांभाळलं. निसर्गोपचाराच्या आहारात फळं आणि कच्च्या भाज्यांबरोबर मोडाच्या मुगालाही मान मिळाला, आणि तिथून तो शहरातल्या आहारतक्त्यांत आला. मग प्लास्टिकची मजल्यामजल्यांची भांडी आली, बंद पाकिटं आली.

कच्च्या मोडांचा धोका २०११ मध्ये जर्मनीत दिसला. ई. कोलाय जीवाणूच्या एका घातक प्रकाराने सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. शोध घेता घेता तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या दाण्यांपर्यंत आणि त्यांना आणलेल्या मोडांपर्यंत पोचला. दाण्याला मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जीवाणूलाही मानवते, आणि सालाच्या भेगेत लपलेला जीवाणू धुऊन निघत नाही. तेव्हापासून तर गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्धांनी कच्चे मोड टाळावेत, हा सल्ला अनेक देशांत आवर्जून दिला जातो. राजम्याला मोड आणून कच्चा खाणं तर मुळीच नको, त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन भरपूर उकळल्याशिवाय निष्प्रभ होत नाही.

शिजवल्याने क जीवनसत्त्व काही प्रमाणात जातं, हे खरं. झाकण ठेवून थोड्या पाण्यात दाणा बोटचेपा होईपर्यंतच शिजवला, तर बरंच उरतं, आणि वाढताना वरून लिंबू पिळलं की गेलेल्याची भर होते.