निळी वही आणि दोन पासपोर्ट: थाई दुहेरी नागरिकत्वाची पार्श्वभूमी

थायलंडमध्ये दोन देशांचे नागरिकत्व चालते का, हा प्रश्न तिथल्या सरकारी खिडकीवर क्वचितच निघतो. खिडकीपलीकडून विचारणा होते ती वेगळीच: तुमचे नाव कोणत्या घराच्या तबियन बानमध्ये आहे? तबियन बान म्हणजे घराची नोंदवही. थाई नागरिकांची निळी, तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या परदेशी माणसांची पिवळी. निळ्या वहीत नाव नसेल तर ओळखपत्र मिळत नाही, आणि ओळखपत्राशिवाय बँक खाते, सरकारी दवाखान्याची सवलत, मतदान, जमीन यातले काहीच सरळपणे हलत नाही. खिशातला थाई पासपोर्ट माणसाला देशात आणतो. देशात वावरायला मात्र ही वही लागते.

ही घडी बसायला शंभर वर्षे लागली. पहिला नागरिकत्व कायदा 1913 चा. तो दोन्ही हातांनी देणारा होता: वडील थाई असतील तर मूल कुठेही जन्मो, ते थाई, आणि थाई भूमीवर जन्मलेले प्रत्येक मूलही थाई. त्याच वर्षी आडनावाचाही कायदा आला. तोवर बहुतेक लोकांना आडनावच नव्हते. ओळखपत्राचा कायदा 1943 चा आणि तोही आधी राजधानीच्या परिसरापुरता. पुढे 1952 आणि 1965 मध्ये नवे नागरिकत्व कायदे झाले. मग 1972 मध्ये लष्करी राजवटीने एक फर्मान काढले, क्रमांक 337. त्यानुसार तात्पुरत्या किंवा बेकायदा वास्तव्यावर असलेल्या परदेशी पालकांच्या, थायलंडमध्येच जन्मलेल्या मुलांचे नागरिकत्व काढून घेतले गेले. ते परत मिळण्याची वाट 2008 च्या दुरुस्तीने खुली केली.

आज खिडकीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरी तारीख 26 फेब्रुवारी 1992 आहे. त्याआधी परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून थाई नागरिकत्व मिळायचे ते बाप कायद्याने ठरलेलाच नसेल किंवा त्याला कुठलेच नागरिकत्व नसेल तर. आई थाई आणि बाप परदेशी, विवाह रीतसर नोंदवलेला, म्हणजे मूल परके. थाई बायकांनी परदेशी पुरुषांशी केलेली लग्ने हजारोंनी होती आणि त्यांच्या मुलांना आईच्या देशात पाहुण्यासारखा व्हिसा काढावा लागे. हा अन्याय होता आणि तो फार काळ चालू दिला गेला. 1992 च्या दुरुस्तीने आई आणि बाप समान केले, शिवाय ही तरतूद त्याआधी जन्मलेल्यांनाही लागू केली. म्हणून 1975 मध्ये पुण्यात थाई आईच्या पोटी जन्मलेली व्यक्ती आजही स्वतःची नोंद करून घेऊ शकते. विवाहनोंदणी नसलेल्या थाई बापाच्या मुलांना 2008 पर्यंत थांबावे लागले. आता पितृत्व सिद्ध केले की चालते.

आता गुंत्याकडे. ‘थाई कायदा दुहेरी नागरिकत्वाला परवानगी देतो’ आणि ‘थाई कायदा त्याला बंदी करतो’ ही दोन्ही वाक्ये लोक सारख्याच खात्रीने सांगतात, कारण दोघांच्या हातात वेगवेगळी कलमे असतात.

पहिले 1965 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 14. त्याचा आजचा मजकूर असा: ज्याचे वडील परदेशी आहेत आणि ज्याला वडिलांचेही नागरिकत्व मिळाले आहे, अशा थाई व्यक्तीने दुसरे नागरिकत्व राखायची इच्छा असल्यास वयाची 20 वर्षे पूर्ण झाल्यावर एका वर्षात थाई नागरिकत्व सोडण्याची घोषणा करावी. काही जण यातून ‘विसाव्या वर्षी निवड सक्तीची’ असे वाचतात. पण घोषणा न केल्यास काय, याबद्दल कलम गप्प आहे. दंड नाही, आपोआप रद्द होणे नाही. शिवाय घोषणा केली तरी ती मंजूर करायची की नाही हे मंत्र्याच्या हाती, आणि युद्धकाळात ती नाकारताही येते. व्यवहारात एकविसावे वर्ष उलटते आणि काहीही घडत नाही. मजकुरात फक्त परदेशी वडिलांचा उल्लेख आहे, परदेशी आईचा नाही, हेही ध्यानात ठेवावे. ज्याची आई परदेशी आणि बाप थाई, त्याला हे कलम लागूच पडत नाही.

दुसरे कलम 22, आणि खरी अडचण इथल्या एका शब्दात आहे: प्लेंग संचात. संचात म्हणजे नागरिकत्व. शब्द आपल्या ‘संजाति’चाच भाऊ. प्लेंग म्हणजे बदलणे, रूपांतर करणे. जो थाई माणूस प्लेंग संचात करून परदेशी होतो तो थाई नागरिकत्व गमावतो, असे कलम म्हणते. जन्मानेच दोन नागरिकत्वे मिळालेल्या मुलाने काहीही बदललेले नसते. त्याच्यावर हे कलम लावणे ही सरळ चूक आहे, तरी ती होते. प्रौढपणी अर्ज करून, शपथ घेऊन दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस मात्र शब्दशः यात बसतो. इथे कलम 5 आडवे येते: नागरिकत्व जाण्याचा परिणाम राजपत्रात प्रसिद्धी झाल्यावरच होतो आणि तो त्या व्यक्तीपुरताच असतो. राजपत्राचे थाई नाव ‘राचकित्चानुबेक्सा’ आहे, त्यातला ‘राजा’ मराठी कानाला लगेच ओळखू येतो. तिथे नाव छापून येत नाही तोवर तो माणूस थाई. कार्यालये आपणहून अशी माणसे शोधत बसत नाहीत, म्हणून लाखभर पानांच्या कागदोपत्री जगात हे कलम बहुतांशी झोपलेले आहे. पण झोपलेले कलम आणि रद्द झालेले कलम एक नव्हे, आणि मजकूर साफ न करता माणसांना अशा भरवशावर ठेवणे बरे नाही.

तिसरी वाट लग्नाची. कलम 13 पूर्वी फक्त बायकांसाठी होते, 2008 पासून ते पुरुषांनाही लागू आहे. परदेशी जोडीदाराचे नागरिकत्व मिळू शकत असेल आणि थाई नागरिकत्व सोडायची इच्छा असेल तर घोषणा करावी, असे ते सांगते. इच्छा नसेल तर काही करायचे नाही. मग लग्नाच्या आधाराने अर्ज करून मिळालेले परदेशी नागरिकत्व कलम 13 खाली धरायचे की 22 खाली? प्रचलित वाचन 13 च्या बाजूने आहे. त्यामुळे परदेशातून परतणाऱ्या थाई बायकांनी आपले नवे नागरिकत्व विवाहातून आले हे दाखवणारे कागद, म्हणजे विवाहाचा दाखला आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, एकत्र जपून ठेवावेत.

जर्मनीसारख्या देशाने 27 जून 2024 पर्यंत नव्या नागरिकांकडून सर्वसाधारणपणे जुने नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागितला. त्या काळात सही करून थाई नागरिकत्व सोडलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे नाव राजपत्रात आलेले असते. विवाहामुळे सोडले असेल तर तो विवाह संपल्यावर कलम 23 खाली ते परत मागता येते. नवरा-बायको एकत्र नांदत असतील तर ही वाट बंद. लहानपणी पालकांबरोबर गमावलेल्यांना सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ज्यांनी स्वतः थाई नागरिकत्व अर्ज करून मिळवले, त्यांची बाजू सर्वांत कच्ची: जुन्या नागरिकत्वाचा वापर चालू ठेवल्याचा पुरावा मिळाला तर कलम 19 खाली ते काढून घेता येते. जुन्या देशाच्या पासपोर्टवर थायलंडमध्ये शिरणे हाच असा पुरावा ठरू शकतो.

कायद्यापेक्षा रोजच्या जगण्यात जास्त आड येते ती 1984 मध्ये आलेली 13 अंकी क्रमांकाची पद्धत. पहिला आकडा माणसाची जात सांगतो म्हणावे असा. 1 जानेवारी 1984 नंतर जन्म आणि वेळेत नोंद, तर 1. उशिरा नोंद, तर 2. त्या वर्षीच्या 31 मेपर्यंत वहीत नाव असलेल्यांना 3. मागाहून विशेष कारणाने वहीत घातलेल्यांना 5, आणि दुहेरी नागरिक बहुधा इथे सापडतात. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो, त्यामुळे एक अंक चुकीचा टिपला तरी संगणक बहुतेक वेळा क्रमांक नाकारतो. 5 ने सुरू होणारा क्रमांक पूर्ण थाई नागरिकाचाच आहे, पण नवख्या कारकुनाला तो परदेशी माणसाचा वाटतो. अशा वेळी वाद न घालता सूतिबात, म्हणजे जन्मदाखला, पुढे करावा. शब्द सूति आणि पत्र यांपासूनच आलेला आहे.

परदेशात जन्मलेल्याचा क्रम साधारण असा. आधी स्थानिक जन्मदाखल्याचे भाषांतर आणि प्रमाणीकरण. नुसत्या अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणाऱ्या प्रमाणीकरणावर, विसंबू नये, थाई वकिलातीचा शिक्का लागतो. मग वकिलात थाई सूतिबात देते आणि त्यावर पहिला थाई पासपोर्ट निघतो. तो दाखवून थायलंडमध्ये शिरायचे. त्यानंतर आम्फोत जायचे, म्हणजे तालुक्याच्या कार्यालयात. बँकॉकमध्ये त्यालाच खेत म्हणतात, आपल्या ‘क्षेत्र’चे ते रूप. बरोबर चाओ बान, म्हणजे वहीवर घरप्रमुख म्हणून नोंदलेला माणूस, त्याची मूळ निळी वही, आईबापांची ओळखपत्रे, आणि अर्जदार प्रौढ असेल तर त्याला ओळखणारे साक्षीदार. अधिकारी सर्वांची वेगवेगळी विचारपूस करतात. इथे काम अडते ते बहुधा आईच्या नावाच्या दोन स्पेलिंगांमुळे, किंवा चाओ बान परगावी असल्यामुळे. नाव चढले की 60 दिवसांत ओळखपत्र काढायचे. उशीर झाला तर दंड जास्तीत जास्त 100 बाट. कार्ड 8 वर्षे चालते, आणि 2011 च्या दुरुस्तीपासून ते 15 ऐवजी 7 व्या वर्षापासून काढावे लागते. पुढचे पासपोर्ट या क्रमांकावर निघतात: 5 वर्षांचा 1,000 बाट, 10 वर्षांचा 1,500.

चढलेले नाव उतरतेही. माणूस 180 दिवसांहून जास्त घरी नाही आणि ठावठिकाणा कळत नाही, असे चाओ बानने कळवले की नाव मध्यवर्ती नोंदवहीत जाते. घर विकले गेले आणि नव्या मालकाने वही साफ केली, तरी तेच. मध्यवर्ती वहीतल्या नावावर नवे ओळखपत्र निघत नाही. परदेशात राहणाऱ्यांना हे कार्ड संपल्यावरच कळते. उपाय एकच: एखाद्या घराच्या चाओ बानच्या संमतीने नाव परत निळ्या वहीत आणणे. आजीचे घर विकायला निघाले की आधी नाव हलवावे.

जुन्या नोंदींत आणखी एक खाच आहे. बौद्ध सन काढताना आपण इसवीत 543 मिळवतो. पण 1941 पूर्वी थाई वर्ष 1 एप्रिलला सुरू व्हायचे आणि बौद्ध 2483 हे वर्ष नऊच महिन्यांचे भरले. त्यामुळे त्याआधी जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्या आजीआजोबांसाठी 542 मिळवायचे. नाहीतर दोन कागदांवर एका वर्षाचा फरक पडतो आणि वारसाहक्काचे काम थांबते.

सीमेवरचा नियम साधा आहे: थाई पासपोर्टवर आत, थाई पासपोर्टवरच बाहेर. परदेशी पासपोर्टवर आत आलेला थाई माणूस त्या मुक्कामापुरता परदेशी. मुदत ओलांडली तर दिवसाला 500 बाट, कमाल 20,000. आतल्या आत पासपोर्ट बदलता येत नाही; त्याच पासपोर्टवर बाहेर जाऊन थाई पासपोर्टवर परत यावे लागते, आणि हे जमिनीच्या सीमेपेक्षा विमानाने कमी कटकटीचे. नोंदणीचे काम लांबणार असेल तर थाई पालकाचे मूल म्हणून परदेशी पासपोर्टवर एक वर्षाची मुदतवाढ मिळते, शुल्क 1,900 बाट. 1 मे 2025 पासून परदेशी प्रवाशांना आगमनाचा डिजिटल फॉर्म भरावा लागतो; थाई पासपोर्टवाल्यांना तो नाही.

मुलाचे नाव वहीत घालताना लष्करभरतीची नोंदही जागी होते. कायदा 1954 चा. हिशेब वाढदिवसाचा नसून सालाचा: 2005 मध्ये जन्मलेल्याने 2022 मध्ये नाव नोंदवून सॉ दॉ 9 हा नोंदणीचा दाखला घ्यायचा, 2025 मध्ये सॉ दॉ 35 हे बोलावणे घ्यायचे, आणि एप्रिल 2026 मध्ये सोडतीला हजर राहायचे. काळे कार्ड निघाले तर सुटका, लाल निघाले तर सेवा. परदेशात शिकणाऱ्यांना लांबणीचा अर्ज करता येतो, पण तो बोलावण्याआधी. हजर न राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. दुसरा पासपोर्ट दाखवून हे टळत नाही.

भारतीय बाजूने पाहिले तर मराठी-थाई घरातल्या मुलाला दोन्ही पासपोर्ट आयुष्यभर ठेवता येत नाहीत. 1955 चा भारतीय कायदा स्वेच्छेने घेतलेल्या परदेशी नागरिकत्वाबरोबर आपले नागरिकत्व संपवतो, आणि वंशाने दोन्ही मिळालेल्याला सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत दुसरे सोडावे लागते. बहुतेक घरे थाई पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असा मार्ग घेतात. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. महाराष्ट्रात जन्म झाला असेल तर महापालिकेचा दाखला बाळाचे नाव न घालताही निघतो. तो तसाच मुंबईच्या थाई वकिलातीत नेला तर परत पाठवला जातो. आधी नाव चढवून घ्यावे. मधले वडिलांचे नाव थाई फॉर्ममध्ये मधल्या नावाच्या रकान्यात टाकायचे की सोडायचे, आणि कुलकर्णी थाई लिपीत संस्कृत वळणाने लिहायचे की उच्चाराप्रमाणे, हेही सूतिबात निघण्याआधी ठरवावे. त्यावरचे पहिले थाई अक्षरलेखन पुढे वही, ओळखपत्र, वाहन परवाना आणि जमिनीच्या कागदावर जसेच्या तसे उतरते, आणि नंतर बदलायचे तर आम्फोतून नावबदलाचा दाखला काढून तो प्रत्येक कागदाला कायमचा जोडत राहावा लागतो.