गव्हाच्या कोट्यातून उभे राहिलेले संस्थान

हट रिव्हरचे नाव निघाले की लोकांना त्याची स्वतःची नाणी आणि टपाल तिकिटे आठवतात. पण एका ऑस्ट्रेलियन शेतकऱ्याने आपल्या शेतजमिनीवर आपल्याच मनाने उभारलेले हे संस्थान कळायचे तर आधी तिथल्या गव्हाकडे पाहावे लागते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या उत्तरेला सुमारे 500 किलोमीटरवर लेनर्ड केसली यांची शेती होती. 1969 मध्ये सरकारने प्रत्येक शेतकऱ्याला गहूविक्रीचा कोटा ठरवून दिला. केसलींचा सुमारे 4,000 हेक्टर गहू कापणीला आलेला, आणि वाट्याला आले 1,647 बुशेल. आपल्या हिशेबाने जेमतेम 450 क्विंटल. चाळीसेक हेक्टरांतला माल. बाकीच्या उभ्या पिकाचे करायचे काय? त्यांनी राज्यपालांकडे दाद मागितली, भरपाई मागितली. हाती काही लागले नाही. उलट शेतजमिनी सरकारजमा करता येतील असे विधेयक विधिमंडळात आले. तेव्हा 21 एप्रिल 1970 रोजी केसलींनी आपली 75 चौरस किलोमीटर जमीन ऑस्ट्रेलियातून फुटल्याचे जाहीर केले.

खटल्याची टांगती तलवार दिसू लागली, तसे ते 'प्रिन्स लेनर्ड' झाले. आधार घेतला 1495 च्या एका इंग्रजी कायद्याचा: प्रत्यक्ष गादीवर असलेल्या राजाची चाकरी करणाऱ्याला राजद्रोही ठरवता येत नाही. ऑस्ट्रेलियाने किंवा दुसऱ्या कोणत्याही देशाने या संस्थानाला कधीच मान्यता दिली नाही.

माझ्या मते इथल्या राजकारणाला वळण लागले ते या गादीमुळे. कोट्याविरुद्धची तक्रार खरी होती आणि ती एकट्या केसलींची नव्हती. कोटा अनेक शेतकऱ्यांना जाचत होता. पण तिच्यातून शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली नाही, एक घराणे उभे राहिले. पत्नी शर्ली 'प्रिन्सेस', मुलगे राजपुत्र, गादी बापाकडून मुलाकडे. मला याचे वाईट वाटते.

बाकी सगळा व्यवहार कागदावरचा. सरकारी पत्राच्या मायन्यात चुकून एखादी पदवी आली, तरी ती मान्यतेचा पुरावा म्हणून जपून ठेवायची. 1976 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या टपाल खात्याने हट रिव्हरची पत्रे नाकारली, तर ती कॅनडामार्गे फिरवून मागवली. कराचा तगादा वाढला तेव्हा डिसेंबर 1977 मध्ये चक्क युद्ध पुकारले आणि काही दिवसांतच थांबवले. पर्यटक आले की म्हातारे लेनर्ड स्वतः त्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारून देत.

2017 मध्ये, 91 व्या वर्षी, त्यांनी धाकट्या मुलाकडे, ग्रॅमकडे गादी सोपवली. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लेनर्ड व त्यांचा दुसरा एक मुलगा यांना मिळून सुमारे 30 लाख डॉलर कर भरण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी 2019 मध्ये लेनर्ड वारले. पुढच्या वर्षी कोविडने पर्यटक थांबले आणि ऑगस्ट 2020 मध्ये ग्रॅम यांनी संस्थान विसर्जित केले. सरकारजमा होऊ नये म्हणून जी जमीन राखली होती, ती कराच्या देण्यापायी विकायला काढावी लागली.