खिडकीची सिल: घेताना, बसवताना, सांभाळताना

पाऊस लागला की खिडकीखालच्या भिंतीला ओल आली म्हणून लोक दुकानात येतात आणि आधी सिलच्या, म्हणजे खिडकीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीच्या, दगडालाच बोल लावतात. दगड क्वचितच चुकतो. पडलेलं पाणी बाहेर जायला वाट ठेवलेली नसते, बहुतेक वेळा गोची तिथंच असते.

आपल्याकडं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. चिकोडीकडं तो बेताचा, बेळगावात भरपूर, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. म्हणून पैसे वाचवायचे तर पूर्वेच्या खिडक्यांवर वाचवा. पश्चिमेला ग्रॅनाइटच घ्या, काळा किंवा इलकलचा तांबडा. तो पाणी कमी पितो. कडप्पा, शहाबादी स्वस्त पडतात, आतल्या बाजूला छान चालतात. उन्हापावसात मात्र काळा कडप्पा पांढुरका पडतो. जाडी १८ ते २० मिमी असावी.

रुंदीचा हिशेब असा. ९ इंची विटेची भिंत, बाहेरचं प्लास्टर साधारण २० मिमी, आतलं १२ मिमी, बाहेर दीड इंच पुढं आणि आत अर्धा इंच. म्हणजे जवळपास सव्वाबारा इंच. भिंतीएवढीच पट्टी कापून नेणारे नंतर पस्तावतात. खानापूरकडच्या चिऱ्याच्या भिंतींची जाडी सगळीकडं सारखी नसते, तिथं तीन ठिकाणी मोजा. लांबीला दोन्ही टोकं भिंतीत इंचभर तरी गेली पाहिजेत. बाजूच्या पट्ट्या त्यावर उभ्या राहतात.

आता मुद्द्याचं. पट्टी लांबीला पाणसळीत, म्हणजे अगदी समतल, आणि रुंदीला बाहेर ढाळ देऊन बसवायची, फुटाला पाव इंच तरी. बाहेर आलेल्या भागाच्या खालून, धारेपासून पाऊण इंच आत, लांबीभर खाच हवी. पाणी खालच्या अंगानं भिंतीकडं सरकत येतं ते या खाचेशी थांबतं आणि टपकतं. खाच आम्ही मशीनवर मारून देतो. प्लास्टर करताना ती सिमेंटच्या मालानं भरून टाकायची गवंड्यांना भारी हौस! काम चालू असताना खाली वाकून एकदा बघाच. पट्टीखाली माल सलग हवा, चार कोपऱ्यांत गोळे ठेवून चालत नाही. माल धरल्यावर नाण्यानं ठोकून बघा, पोकळ वाजलं तर उचलायला लावा.

ॲल्युमिनियमची सरकती खिडकी असेल तर तिच्या ट्रॅकची पाणी जायची भोकं बाहेरच्या बाजूला असतात, ती सिलिकॉननं बुजवू देऊ नका. दगडाला न्यूट्रल सिलिकॉन वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं मार्बल, कडप्पा, शहाबादीला खातं.

देखभाल थोडीच. मे महिन्यात दरजा, म्हणजे दगडाचे सांधे, आणि सिलिकॉन तपासा, ट्रॅकमधली माती काढा. कडप्पा, शहाबादी, मार्बलवर ॲसिड किंवा लिंबू नको. साधा साबण आणि ओलं फडकं पुरे. ग्रिलच्या स्क्रूला गंज दिसला की तो बदला, दगडात उतरलेला तांबडा डाग सहजी जात नाही. तुळशीची किंवा कसलीही कुंडी ताटलीत ठेवा.

माप घ्यायला आमचा माणूस येतो. खिडकीची चौकट बसायच्या आधी बोलवा.