बसलेल्या गालांमागचं औषध: स्टॅव्हुडिन आलं कसं, गेलं कसं

एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सरकारी एआरटी सेंटरची पहिली काही वर्षं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तो चेहरा आठवत असेल. गाल आत गेलेले, कानशिलं खोल, हातांच्या शिरा टरारून वर आलेल्या, आणि पोट मात्र सुटलेलं. वजन वाढलंय, सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) वाढलाय, ताप-जुलाब थांबलेत, तरी माणूस आजारी दिसतोय. बघणारे म्हणायचे, रोगाने पोखरलं. प्रत्यक्षात हा बहुतेकदा औषधाचा परिणाम होता. त्या औषधाचं नाव स्टॅव्हुडिन.

हे औषध एड्ससाठी शोधलेलंच नव्हतं. डेट्रॉइटमधले रसायनशास्त्रज्ञ जेरोम हॉरविट्झ यांनी १९६०च्या दशकात कर्करोगावर उपाय म्हणून काही रेणू तयार केले. पुढे एचआयव्हीवर वापरलं गेलेलं झिडोव्ह्युडिन त्यातलंच, स्टॅव्हुडिनही त्यातलंच. कर्करोगावर दोन्ही फुकट गेली. पुढे येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ आणि ताइ-शुन लिन यांना स्टॅव्हुडिन एचआयव्हीला रोखतं असं दिसलं. येलने पेटंट घेतलं, ते ब्रिस्टल-मायर्स स्क्विबला वापरायला दिलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची साखळी विणतो. स्टॅव्हुडिन त्या साखळीत खोट्या मण्यासारखं बसतं आणि पुढचा मणी ओवताच येत नाही. अडचण अशी, की आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचाही स्वतंत्र डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणारं एन्झाइमही या खोट्या मण्याला फसतं. मग चरबीच्या पेशी मरतात, पायांच्या नसा झिजतात, कधी रक्तात लॅक्टिक अॅसिड साठतं. हे शेवटचं क्वचित व्हायचं, पण जिवावर बेतायचं. सुरुवात मळमळ आणि थकव्याने होत असल्याने पित्ताच्या गोळीवर दिवस निघून जाण्याचा धोका असे.

गालांचा दोष आधी दुसऱ्यावरच आला. १९९८ मध्ये सिडनीच्या डॉक्टरांनी चरबीच्या या अदलाबदलीचं सविस्तर वर्णन केलं तेव्हा संशय प्रोटीज इनहिबिटर या एचआयव्हीवरच्याच दुसऱ्या औषधांच्या गटावर होता. अमेरिकेत सुटलेल्या पोटाला ‘क्रिक्स बेली’ म्हणत, त्याच गटातल्या क्रिक्सिव्हान या गोळीवरून. चेहऱ्याची आणि हातापायांची चरबी जाण्यामागे मुख्यतः स्टॅव्हुडिन आहे, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं.

आणि नेमक्या त्याच वर्षांत ते गरीब देशांचं मुख्य औषध बनत होतं. तेव्हा श्रीमंत देशांत तीन औषधांच्या उपचाराचा खर्च माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर जायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसूफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला हाच उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पुढच्याच महिन्यात, येलचे विद्यार्थी आणि खुद्द प्रुसॉफ यांच्या दबावानंतर, दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा आग्रह धरणार नाही असं ब्रिस्टल-मायर्सने जाहीर केलं. स्टॅव्हुडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेविरापिन एकाच गोळीत आणणारी ट्रायोम्यून आली ती याच काळात. मूळ औषधं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. त्या एकत्र येऊन एक गोळी काढणं कठीणच होतं. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, म्हणून इथे ते जमलं.

१ एप्रिल २००४ ला भारत सरकारने मोफत एआरटी सुरू केली. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. स्टॅव्हुडिनची गोळी स्वस्त होती आणि तिला तपासण्याही फारशा लागत नसत. झिडोव्ह्युडिनने रक्त कमी होतं, म्हणून हिमोग्लोबिन पाहत राहावं लागतं. आणि आपल्याकडे निम्म्या बायकांच्या अंगात आधीच रक्त कमी. सीडीफोर २००च्या खाली गेल्यावर, अनेकदा टीबी घेऊनच येणाऱ्या माणसाला त्या दिवशी जगवणं महत्त्वाचं होतं. ती निवड चुकीची होती असं मला वाटत नाही.

पण टीबीने गणित बिघडवलं. टीबीवरच्या आयसोनियाझिड या औषधानेही पायांच्या नसा दुखावतात, खुद्द एचआयव्हीनेही. तिन्ही एकत्र आले की तळव्यांची आग, मुंग्या, रात्री चादरीचा स्पर्श नको होणं. पुढे पुढे पायातली चप्पल निसटली तरी कळत नसे. बी-६ची गोळी आयसोनियाझिडच्या त्रासावर उपयोगी, स्टॅव्हुडिनच्या त्रासावर नाही.

चेहऱ्याचं दुखणं वेगळंच होतं. ज्यांनी घरात, गावात काही सांगितलेलं नव्हतं, त्यांचे गालच बोलू लागले. या भीतीने गोळ्या सोडल्या तर विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका. ज्या २००४ मध्ये आपल्याकडे मोफत गोळी आली, त्याच वर्षी अमेरिकेत एचआयव्हीबाधितांचे बसलेले गाल भरून काढणाऱ्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. आपल्या सरकारी केंद्रावर असल्या इंजेक्शनची गोष्ट कोण काढणार?

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये स्टॅव्हुडिनपासून दूर जायला सुचवलं. २००७ मध्ये, वजन कितीही असो, ४० ऐवजी ३० मिलिग्रॅमच द्या असं सांगितलं. २००९च्या नोव्हेंबरात, दीर्घकालीन आणि भरून न येणाऱ्या दुष्परिणामांमुळे ते टप्प्याटप्प्याने बंद करा, असा स्पष्ट सल्ला आला. श्रीमंत देशांतले डॉक्टर त्याच्या कितीतरी आधी टेनोफोव्हिर या दुसऱ्या औषधाकडे वळले होते. मधली वर्षं गेली ती टेनोफोव्हिर महाग होतं म्हणून, आणि माझी तक्रार आहे ती या उशिराबद्दल.

आज सरकारी केंद्रांवर मुख्यतः टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्यूटेग्राविर यांची रोजची एक गोळी मिळते. तिच्यासोबत मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागतं आणि काहींचं वजन वाढतं. स्टॅव्हुडिन बंद केल्यावर गाल भरतात, पण फार सावकाश आणि बहुधा अर्धवटच. पायांची आग काहींची शमली, काहींची अजून आहे. ती घेऊन येणाऱ्याला आता साखर तपासायला सांगतात, आणि तपासायलाही हवीच. पण २००४ ते २०१० मध्ये कोणती गोळी चालू होती, हेही विचारायला हवं.