दोन हन्ना आहेत, एक नाही

बायबलमध्ये हन्ना दोन आहेत. आमच्या बेळगाव भागात मराठी उपासनेला येणाऱ्या कितीतरी बायकांच्या डोक्यात त्या दोघींची मिळून एकच झालीय. माझ्याही झाली होती, आणि त्याचा त्रास मला नेमक्या वाईट वेळी झाला म्हणून हे लिहायलेय.

माझे मिस्टर गेले त्या आठवड्यात घरी प्रार्थनेला बायका आल्या होत्या, त्यातल्या एकीनं माझा हात धरून सांगितलं, "अक्का, हन्नासारखी प्रार्थना कर बघ, तिला देवानं दिलं तसं तुला पण देईल." मायेनंच बोलली ती. पण मी रात्रभर तेच धरून बसले की मला काय देणार, गेलेला माणूस काय परत येतोय का, आणि नाही येत तर मग माझ्या प्रार्थनेतच काहीतरी कमी आहे का. तिनं मला सांगितली ती लेकराची हन्ना. मला त्या दिवसांत पाहिजे होती ती दुसरी, आणि तिच्याबद्दल मला कुणी बोललंच नाही.

इंग्लिशमध्ये हा घोळ होत नाही, तिथं एक हॅना आणि एक ॲना. मूळ हिब्रू नाव एकच, अर्थ कृपा. नव्या करारात ते ग्रीकमधून आलं म्हणून तिकडं रूप बदललं, आपल्या मराठी बायबलात मात्र दोन्हीकडं हन्नाच.

पहिली जुन्या करारात, १ शमुवेल या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत भेटते. येशूच्या हजारेक वर्षं आधीची. नवरा एलकाना, सवत पनिन्ना, सवतीला लेकरं आणि हिला नाही. दरवर्षी सगळे शिलोला यज्ञाला जायचे आणि दरवर्षी पनिन्ना तिला टोचून टोचून रडवायची. आपल्याकडं लग्नाच्या हॉलमध्ये "काय विशेष?" म्हणून विचारतात ना, तसलंच, फक्त घरातल्याच माणसाकडून. एलकानाचं प्रेम होतं तिच्यावर, पण तो म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, म्हणजे प्रेम असूनसुद्धा त्याला तिचं दुखणं कळलंच नव्हतं. मग ती उठून देवापुढं जाऊन रडते, नुसते ओठ हलतात, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं ही दारू पिऊन आलीय! ती गप्प बसत नाही, सरळ सांगते की महाराज, मी प्यालेली नाही, दुःखी बाई आहे, देवापुढं मन मोकळं करायले. तेव्हा एली तिला शांतीनं जा म्हणून पाठवतो. मला हा भाग फार धीर देतो, कारण मंडळीतली मोठी माणसंसुद्धा आपल्याला चुकीचं समजतात आणि त्यांना नीट उत्तर देणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

त्यानंतरची एक ओळ आपण घाईत सोडून देतो. ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा मग उदास राहिला नाही. अजून दिवस गेलेले नव्हते, हातात काहीच नव्हतं, पनिन्ना पण तिथंच होती. तिचा मुलगा शमुवेल नंतर झाला, आणि प्रार्थनेत देवाला बोलल्याप्रमाणे दूध तुटल्यावर त्याला तिनं देवाच्या घरी सोडलं. दरवर्षी ती त्याच्यासाठी छोटा झगा शिवून न्यायची. खानापूरकडच्या खेड्यातून बेळगावच्या हॉस्टेलला लेकरू ठेवलेल्या आईला हे सांगायला नको, यावर्षी किती वाढलं असेल ते अंदाजानंच माप धरायचं. पुढं तिला आणखी तीन मुलगे आणि दोन मुली झाल्या.

दुसरी नव्या करारात, लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, ३६ ते ३८, फक्त तीन वचनं. फनुएलची मुलगी, आशेर वंशाची, संदेष्टी, म्हणजे देवाचा संदेश सांगणारी. लग्नानंतर सात वर्षं संसार, मग विधवा, आणि ८४ हा आकडा, तो तिच्या वयाचा की विधवापणाच्या वर्षांचा यावर जाणकारांत दोन मतं आहेत. कसंही धरलं तरी तरुणपणी नवरा गेला आणि पुढं पूर्ण आयुष्य एकटीनं काढलं. लेकरांचा उल्लेखच नाही. यरुशलेमच्या मंदिरात रात्रंदिवस उपास आणि प्रार्थना. बाळ येशूला चाळीसाव्या दिवसाच्या सुमारास मंदिरात आणलं तेव्हा म्हातारा शिमोन त्याला हातात घेऊन बोलत होता, नेमकी त्याच घटकेला ती तिथं आली, देवाचे आभार मानले आणि यरुशलेमच्या सुटकेची वाट बघणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाबद्दल सांगत सुटली.

तिचं गेलेलं काहीच परत आलं नाही हे बघा. लूक तसं काही घडलं म्हणून दाखवतही नाही. तिचं दुःख मिटलं का तेही लिहिलेलं नाही, एवढंच की ती हजर होती आणि तिला बोलायला काहीतरी होतं. मला दीड-दोन वर्षांनी कधीतरी ही तीन वचनं नीट वाचायला मिळाली आणि मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडले, कारण तोपर्यंत मला वाटायचं देवाकडं माझ्यासाठी एकच गोष्ट आहे, मागा आणि मिळेल, आणि मला तर मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

दोघी एक झाल्या की काय होतं बघा. मी महिला सभेत स्वतः ऐकलंय, "हन्नानं मंदिरात उपास धरले म्हणून तिला शमुवेल झाला." उपास धरणारी दुसरी, शमुवेलवाली पहिली. पहिली जेवत नव्हती ते दुःखानं, आणि प्रार्थना झाल्यावर ती उलट जेवली! पण या एका वाक्यापायी मूल होत नसलेली एखादी पोरगी उपासावर उपास करते, डॉक्टरकडं जायचं राहतं, आणि दिवस गेले नाहीत की दोष परत तिच्याच विश्वासाला.

म्हणून मी आता कुणाकडं भेटायला गेले की आधी विचार करते, हिचं दुखणं अजून मागता येण्यासारखं आहे का. असेल तर शमुवेलाची आई, आणि तिच्यातसुद्धा आधी ते जेवणं, मग लेकरू. माणूसच गेलं असेल तर फनुएलची मुलगी, आणि ती पण लगेच पहिल्या आठवड्यात नाही, त्या आठवड्यात मी फक्त भात लावते आणि भांडी घासते.

आणि शेजारच्या कॅथलिक बायका आन्ना म्हणतात ती आणखी तिसरीच, मरियेची आई, जिचा सण २६ जुलैला असतो. गोव्यात तळावलीला तिच्या फेस्ताला बायका लेकरू मागायला तवशी, म्हणजे काकड्या, वाहतात. तिचं नाव बायबलमध्ये कुठंच नाही, ते नंतरच्या जुन्या लिखाणातून आलंय, त्यामुळे लूकमध्ये तिला शोधत बसू नका.