मराठवाड्यात गेमिंग पीसीची यादी अर्थिंगपासून का सुरू होते

परभणीच्या भाच्याने मे महिन्यात यादी पाठवली. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, समोरून काच असलेलं रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आणि अगदी तळाशी, पैसे संपत आल्यावर लिहिलेलं ‘एसएमपीएस – कोणताही’, म्हणजे भिंतीतली वीज मशीनला लागेल तशी करून देणारा डबा. खाली एक ओळ होती, “मामा, यात काही बदलायचंय का?” मी उलट विचारलं, घरात अर्थिंग आहे का, म्हणजे भरकटलेली वीज जमिनीत उतरवणारी वायर? निळ्या दोन खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. मग फोनच आला. “मामा, मी कॉम्प्युटर घ्यायलोय अन् तुम्ही बोअरची मोटर घेतल्यासारखं विचारायलात.”

त्याचं चुकत नव्हतं. यूट्यूबवरच्या प्रत्येक यादीत वीज सगळ्यात शेवटी येते, कारण यादी करणाऱ्याच्या भिंतीत ती असतेच, सरळ आणि अखंड. आमच्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे यंत्र ज्या वाटेने आलं, त्या वाटेनेच यादी उलटी करून टाकली.

मुळात घरी पार्ट जोडून कॉम्प्युटर उभा करता येतो, यात योगायोगाचा भाग मोठा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी, मॉडेल ५१५०, बाजारात आणला तेव्हा कंपनीला घाई होती. म्हणून सगळं स्वतः घडवत न बसता प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची घेतली आणि इतरांनी त्यात बसणारी कार्डं बनवावीत म्हणून सर्किटचे नकाशे पुस्तिकेत छापून टाकले. स्वतःचं म्हणावं असं बायोस, म्हणजे बटण दाबल्यावर मशीन जागं करणारा मूळ प्रोग्रॅम, तेवढं उरलं. कॉम्पॅकने ते मूळ न चोरता नव्याने लिहून घेतलं, आणि १९८४ पासून फीनिक्स नावाची कंपनी तसलं बायोस मागेल त्याला विकू लागली. तिथून पुढे कोणीही पीसी बनवू शकत होतं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा साचा ठरवला, म्हणजे बोर्डाला स्क्रूची भोकं कुठे, मागची खिडकी केवढी, एसएमपीएसचा सॉकेट कसा. आज जालन्यातल्या दुकानात एका कंपनीचं कॅबिनेट आणि दुसऱ्या कंपनीचा बोर्ड मुकाट एकमेकांत बसतात ते या साच्यामुळे.

हे आमच्यापर्यंत पोचलं एमएस-सीआयटीच्या क्लासातून. २००१ मध्ये हा कोर्स चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं, सरकारी नोकरांना कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळच्या माडीवर दहा-बारा मशिनांचे क्लास निघाले. ब्रँडेड मशिनं त्यांना परवडत नव्हती. क्लासवाले पार्ट आणून स्वतःच जोडायचे, आणि हाताखालच्या एखाद्या पोराच्या हातात स्क्रूड्रायव्हर बसला की वर्षा-दोन वर्षांत तो समोरच्या गाळ्यात दुकान टाकायचा. ‘ब्रँडेड का असेंबल?’ हा प्रश्न तेव्हापासूनचा. असेंबल म्हणजे स्वस्त, आणि बिघडलं तर शिव्या घालायला माणूस गावातच, हा त्याचा दुसरा फायदा.

पार्ट यायचे देवगिरी एक्सप्रेसने. ही गाडी मराठवाड्याच्या कॉम्प्युटरचा अर्धा इतिहास आहे असं मी गमतीने म्हणतो, पण त्यात तथ्य आहे. तिच्या एका टोकाला मुंबई, म्हणजे ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड. दुसऱ्या टोकाला तेव्हा सिकंदराबाद, म्हणजे पार्क लेनचं चिनॉय ट्रेड सेंटर. दोन्ही पार्टांचे नामांकित बाजार, आणि मध्ये संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड. संभाजीनगरचा दुकानदार मुंबईकडे तोंड करून बसायचा, नांदेडचा सिकंदराबादकडे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरहद्दी बदलल्या तरी नांदेडच्या व्यापाऱ्याची पावलं जुन्याच रस्त्याने पडत राहिली. परभणीकर दोन्हीकडचे भाव विचारून तिसरीकडूनच घेतो, पण ते असो. मुद्दा असा, की बाजार रात्रभराच्या प्रवासावर असला की बिघडलेला पार्ट बदलून आणायला आठवडा जातो. त्यामुळे ‘सगळ्यात वेगवान कोणता’ यापेक्षा ‘सगळ्यात कमी जळणारा कोणता’ हा प्रश्न आमच्या दुकानांत आधी विचारला गेला.

जळण्याचं कारण अर्थात लाईट. २००५ साली वीज मंडळाचे तुकडे होऊन वितरणाची कंपनी वेगळी झाली, आणि त्याच सुमाराला भारनियमन असं बसलं की कोणाच्या घरी कितीला लाईट जाते यावर लग्नाच्या बैठकीची वेळ ठरायची. पुढे हिशेब असा झाला की ज्या फीडरवर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणाऱ्या लाइनवर, गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. मराठवाड्यातल्या कितीतरी फीडरांचा नंबर त्यात लागला. लोकांना वाटतं लाईट गेल्याने मशीन जळतं. तसं नाही. जळतं ते बहुतेक वेळा लाईट येताना. अख्ख्या गल्लीचे पंखे, फ्रिज, मोटरी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली-वर नाचतं. आणि डीपीवरची, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल वायर सैल असली तर मग विचारूच नका. तीन फेजांमधली ती मधली वाट तुटली की ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत २३० च्या जागी ३००-३५० व्होल्टसुद्धा शिरतात.

माझं पहिलं मशीन असंच गेलं. आत स्वस्तातला एसएमपीएस होता, अंगावर ‘४५० वॉट’ लिहिलेला आणि उचलला तर रिकाम्या डब्याइतका हलका. संध्याकाळी लाईट आली, ट्यूबलाईट नेहमीपेक्षा पांढरी पेटली, आणि कॅबिनेटमधून ‘फट्’ असा आवाज. वास आधी फटाक्याचा, मग जळक्या माशासारखा. एसएमपीएस गेल्याचं दुःख नव्हतं, साडेतीनशे रुपयांचा होता. जाताना त्याने मदरबोर्ड आणि हार्डडिस्क बरोबर नेली. चांगल्या एसएमपीएसमध्ये जादा व्होल्टेज आलं की स्वतः बंद पडायची सोय असते. त्या डब्यात ती जागा बोर्डावर छापलेली होती, पार्ट बसवलेलाच नव्हता. उघडून पाहिलं तेव्हा मोकळी भोकं दिसली.

तेव्हापासून मी एसएमपीएस आधी वजनाने पाहतो आणि मग कागदाने. ‘८० प्लस’ ही खूण २००४ मध्ये निघाली. ती सांगते ती कार्यक्षमता. म्हणजे मशीनला ३०० वॉट लागत असतील, तर ८० टक्केवाला एसएमपीएस भिंतीतून ३७५ ओढतो आणि वरचे ७५ वॉट उष्णता म्हणून खोलीत सोडतो. झटका सोसायची हमी त्या खुणेत नाही. शिवाय ती चाचणी होते सुमारे २३ अंशांच्या खोलीत. परभणीत खोलीत २३ अंश म्हणजे हिवाळाच.

लाईट गेली की मशीन थोडा वेळ बॅटरीवर चालवणाऱ्या यूपीएसचाही एक जुना घोळ आहे. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, आणि बॅटरीवर गेला की त्याची वीज नागमोडी लाटेसारखी नसते, पायऱ्या-पायऱ्यांची असते. जुन्या हलक्या एसएमपीएसना त्याचं काही वाटत नसे. नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे वीज लाटेच्या चालीने ओढणारं सर्किट, असतं, आणि यातले काही त्या पायऱ्यांवर अडखळून मशीन बंद पाडतात. पोरगं तक्रार करतं, “भारीतला एसएमपीएस घेतला अन् लाईट गेली की पीसी बंद पडायला, आधीचा पडत नव्हता.” उपाय साइन वेव्ह यूपीएसचा, किंवा घरातला साइन वेव्ह इन्व्हर्टर मागच्या बटणाने यूपीएस मोडवर टाकण्याचा. एसएमपीएस स्वतःच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. लाईटवरून बॅटरीवर जाण्याचा बदल त्याच्या आत झाला तर गेम चालू राहतो, नाही तर पडदा काळा.

उन्हाचं गणित सोपं आहे, पण यादीत ते कोणी मांडत नाही. पंख्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. तो फक्त फरक राखतो. परीक्षण करणाऱ्याच्या बावीस अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर होता, तो आमच्या बेचाळीसच्या दुपारी ९० वर जाणार. पंचाण्णव-शंभरला चिप स्वतःच वेग कमी करते. इंटेलचा २००४ चा ‘प्रेस्कॉट’ पेंटियम फोर त्यासाठी बदनाम होता. आमच्या भागात तो असलेली मशिनं कॅबिनेटची बाजू काढून, शेजारी टेबलफॅन लावूनच चालायची. ती उघडी बाजू मग कायमची उघडी राही, आणि आत पाली, धूळ, एकदा तर चिमणीच्या घरट्याच्या काड्या सापडल्या होत्या. म्हणून भाच्याच्या यादीतलं काचेचं कॅबिनेट मी आधी खोडलं आणि समोर जाळी असलेलं लिहिलं. जाळीमागे धुळीची गाळणी हवी, दर पंधरा दिवसांनी निघून धुता येईल अशी.

आता कार्ड. खेळाची चित्रं रंगवायला वेगळं कार्ड लागतं ही कल्पना १९९६ च्या थ्रीडीएफएक्स व्हूडूने घराघरात नेली, १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ ला ‘जीपीयू’ म्हणून विकलं. पण मराठवाड्यातल्या पोरांच्या दृष्टीने खरा इतिहास एका आकड्याचा आहे, ७५ वॉट. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून कार्डाला तेवढीच वीज मिळते. जास्त लागली तर एसएमपीएसची वेगळी वायर जोडावी लागते. एनव्हिडियाचंच २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय, २०१६ चं १०५० टीआय आणि २०१९ च्या १६५० चे बरेच मॉडेल त्या ७५ च्या आत बसत. म्हणजे एसएमपीएसला हात न लावता, ऑफिसातून निघालेल्या जुन्या आय-फाइव्हच्या मशीनमध्ये कार्ड खुपसलं की गेमिंग पीसी तयार. लातूरला ट्यूशनसाठी खोली करून राहणाऱ्या पोरांकडे मी असलीच मशिनं पाहिली आहेत. अर्थात आई-वडील येणार असले की त्यांच्यावर चादर.

२०२० ने हे बदललं. जूनमध्ये व्हॅलोरंट हा पीसीवरचा नेमबाजीचा गेम आला, सप्टेंबरच्या २ तारखेला पब्जी मोबाइलवर बंदी आली, शाळा-कॉलेजं बंदच होती. मोबाइलवरची पोरं पीसीकडे वळली, आणि नेमकी तेव्हाच कार्डं बाजारातून गायब झाली, कारण इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग करणारे, म्हणजे कार्डांवर गणितं सोडवून ते चलन कमावणारे, ती ठोकने उचलत होते. साधं १६५० सुद्धा मूळ किमतीला मिळेना. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि वापरून थकलेली कार्डं बाजारात पडली. त्या लाटेत फसवणूकही आली. एएमडीचं ‘आरएक्स ५८०’ म्हणून मिळणाऱ्या कार्डावर बारीक अक्षरात ‘२०४८ एसपी’, म्हणजे २०४८ कोअर, असेल तर आत खरं तर ५७० च्या तोडीचा माल असतो. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर आहेत. त्याहून वाईट म्हणजे जुन्या चिपवर बायोस बदलून तिला ‘१०५० टीआय’ म्हणवणारी कार्डं. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर असली बरीच सोंगं पकडतं. पैसे देण्याआधी ते दुकानातच चालवून दाखवायला सांगावं. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं की उत्तर मिळालं.

ज्यांना हा जुगार नको होता त्यांनी एएमडीच्या २०१८ च्या रायझन ३ २२००जी या प्रोसेसरपासून निघालेली वाट धरली, ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटातच. कमी वीज, कमी उष्णता, जळायला एक पार्ट कमी. फक्त तिथे रॅम सोळा जीबीची एक पट्टी न घेता आठच्या दोन घ्याव्यात, कारण पोटातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन पट्ट्यांनी तिची वाट दुप्पट रुंद होते. भाच्यालाही मी याच घराण्यातला प्रोसेसर सुचवला. कार्ड पुढच्या वर्षी, त्याला पुरेल असा एसएमपीएस मात्र आत्ताच.

खरेदीला दाजी बरोबर आले होते. दुकानात मांडलेल्या एका मशीनवर ‘वॉटर कूलिंग’ची चिठ्ठी होती. दाजी मूळचे लातूरचे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं त्यांनी पाहिलंय. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “ह्याच्यात पाणी कोण भरायचं?” मी सांगितलं, ते आतल्या आत फिरतं, भरावं लागत नाही, आणि आपण ते घेतही नाही. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने अर्थिंगसाठी अंगणात खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, कोळसा, खडेमीठ, पुन्हा कोळसा, वरून माती. वायर बोर्डापर्यंत नेली, टेस्टर लावून पाहिला आणि जाता जाता म्हणाला, उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग धरत नाही, आठवड्याला दोन बादल्या ओतत जा. दाजी ओट्यावर चहा घेत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “शेवटी पाणी भरायला लावलंतच की तुम्ही.”