आईची स्मृती तपासायची, पण कोणत्या भाषेत?

मुलांच्या मागोमाग उतारवयात सिडनीला किंवा मेलबर्नला राहायला गेलेल्या आईवडिलांचा वाढता विसराळूपणा घरात बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो, आणि त्यामागे दर वेळी निष्काळजीपणा असतो असे नाही. बँक, वीजबिल, दूरचा प्रवास ही कामे तिथे पहिल्या दिवसापासून मुलेच करतात. साहजिकच ज्या कामांतील चुकांवरून स्मृतिभ्रंशाची चाहूल लागायची, ती आईच्या हाती उरलेलीच नसतात.

डॉक्टरांपुढे बसल्यावर वेगळाच पेच उभा राहतो. जगभर वापरली जाणारी ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही ३० गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणायचे असते, एक वाक्य लिहायचेही असते. चौथीत शाळा सुटलेल्या आईला गुण कमी पडले, तर उणीव स्मरणशक्तीची की शिक्षणाची, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. याउलट एखादे निवृत्त प्राध्यापक आजार सुरू होऊनही चांगले गुण मिळवून जातात.

या अडचणीवर उपाय म्हणून सिडनीतील संशोधकांनी २००४ मध्ये ‘रूडास’ ही चाचणी मांडली. तीत चहा, तेल, अंडी आणि साबण अशी वाण्याची यादी लक्षात ठेवायची असते (शाकाहारी आजींच्या यादीत अंडी कुठून आली, हा भाग वेगळा), तसेच सिग्नल नसलेला वाहता रस्ता कसा ओलांडाल, हे सांगायचे असते. लिहिता-वाचता येण्याची अट नसल्याने ती दुभाष्यामार्फत मराठीतही घेता येते. मात्र हे काम लेकीने करू नये. आई अडखळली की लेक नकळत उत्तर सुचवते, अर्धवट वाक्य नीटनेटके करून डॉक्टरांना सांगते, आणि नेमकी जी चूक त्यांनी ऐकायला हवी तीच गाळली जाते.

चाचणीसोबत रक्ततपासणी आणि कानांची तपासणीही आवश्यक असते, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि बहिरेपणा यांमुळेही माणूस विसराळू भासतो. शाकाहारी घरांत तर ब-१२ची शंका आधी घ्यावी.

डॉक्टर घरच्यांनाही प्रश्न विचारतात. त्यासाठी ऑस्ट्रेलियातच १९८९ मध्ये २६ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली असून, तीत आजच्या वागण्याची दहा वर्षांपूर्वीच्या वागण्याशी तुलना करायची असते. परंतु दहा वर्षांपूर्वी मुलगा मेलबर्नला आणि आई सांगलीला असेल, तर त्याने तेव्हाची आई पाहिली ती सुट्टीतल्या दोन-तीन आठवड्यांपुरती. तिचा रोजचा हिशेब, स्वयंपाकाचा उरक आणि नात्यागोत्यातील लग्नांच्या तारखा ठाऊक असतात त्या शेजारच्या गल्लीतील मावशीला, त्यामुळे ती प्रश्नावली भरताना मुलाने मावशीला फोन लावणे अधिक शास्त्रीय ठरते.